सिडनीच्या कुरिंगाई चेसमधे पहिल्यांदा प्राणी बघायला जाताय? मग हे आधी वाचा

सिडनीत नवीन आलेल्या आपल्या मंडळींचं इथल्या प्राण्यांशी नातं बहुतेक वेळा झूमधे सुरू होऊन झूमधेच संपतं. कोआलाशेजारी उभं राहून फोटो, कांगारूला हातावरून खाऊ, झालं. मग कधीतरी कोणीतरी म्हणतं चला नॅशनल पार्कला जाऊ, आणि दहा-बारा जण, दोन एस्की (बर्फाचे डबे) भरून खाणं, ब्लूटूथ स्पीकर, बार्बेक्यू असा लवाजमा निघतो, नी संध्याकाळी घरी आल्यावर तक्रार सुरू की अहो तिथे तर एक प्राणी दिसला नाही. दिसणारच नाही ना असं!

हा लेख अशांसाठीच आहे. जागा निवडलीय कुरिंगाई चेस नॅशनल पार्क, कारण ते शहराच्या अगदी उत्तर टोकाला आहे, ट्रेननेही गाठता येतं, आणि १८९४ पासून राखलेलं असल्याने सुमारे दीडशे चौरस किलोमीटर जंगल, खाड्या आणि वाळूच्या खडकाचे कडे असं सगळं एका जागी मिळतं.

ताडोबा-पेंच करून आलेल्यांनी एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. इथे जिप्सी नाही, गाईड नाही, पाणवठ्यावर येणारं मोठं जनावर नाही. कांगारूंचे कळप इथे नसतात, कोआला दिसेल असं धरूनच चालू नका. जमिनीवरचा सगळ्यात मोठा देशी प्राणी तुम्हाला दिसेल तो म्हणजे स्वाम्प वॉलबी (छोटा कांगारूच म्हणा), तोही उभा राहिला तर जेमतेम कमरेपर्यंत. बाकीचे सस्तन प्राणी जवळपास सगळे रात्रपाळीवाले, म्हणजे दिवसा बघायचं ते पक्षी, घोरपडी-सरडे आणि रात्री फिरून गेलेल्यांच्या खुणा. हे मान्य असेल तर पुढे वाचा, खूप मजा आहे.

आधी महिना आणि वेळ ठरवा

इथे ऋतू उलटे, जून ते ऑगस्ट हिवाळा. माझ्या मते पहिल्या फेरीसाठी हाच काळ बेस्ट. लायरबर्ड या नकलाकार पक्ष्याचे नर याच दिवसांत जोरात गातात, एकिड्ना या काटेरी प्राण्यांचा जोडी जमवायचा सीझनही हाच (कधीकधी एका मादीच्या मागे तीन-चार नर ओळीने चाललेले दिसतात, नशीब असेल तर), साप थंडीने सुस्त, आणि जुलैच्या शेवटापासून रानफुलं सुरू होतात त्यामुळे मध खाणारे पक्षी झुडपाझुडपांवर. उन्हाळ्यात घोरपडी नी वॉटर ड्रॅगन भरपूर दिसतात, सिकाडा किड्यांचा कान किटवणारा आवाज असतो, पण ऊन कडक आणि वणव्याचा धोका वाढला की पार्कच बंद करतात. थंडीच्या दिवसांतही मुद्दाम लावलेल्या नियंत्रित आगींमुळे काही ट्रॅक बंद असू शकतात, म्हणून निघायच्या आदल्या रात्री नॅशनल पार्क्सच्या साईटवर त्या पार्कचे अलर्ट बघणं मस्ट. फोनमधे हॅझर्ड्स नियर मी हे वणव्यांचे इशारे देणारं ॲपही टाकून ठेवा.

वेळ म्हणाल तर सकाळी आठच्या आत पोचा. दहानंतर वीकेंडला बॉबिन हेडचं पार्किंग भरतं नी प्राणी आत सरकतात.

मग कुठल्या बाजूने शिरायचं ते

पार्क मोठं आहे आणि मधे खाड्या घुसलेल्या, त्यामुळे एका दिवसात सगळं करायच्या भानगडीत पडू नका. तीन पर्याय सांगतो.

बॉबिन हेड सगळ्यात सोपं. पार्किंग, टॉयलेट, आणि खारफुटीतून जाणारा लाकडी बोर्डवॉक, त्यामुळे भारतातून आलेले आई-बाबा किंवा स्ट्रोलरमधलं बाळ बरोबर असेल तर इथेच जा. खाली चिखलात खेकडे, काठाच्या दगडांवर वॉटर ड्रॅगन नावाचे मोठे सरडे, पिकनिकच्या टेबलांभोवती ब्रश टर्की आणि कूकाबुरा हे पक्षी. गाडी नसेल तर टी-वन लाईनने माउंट कुरिंगाई स्टेशनला उतरून ट्रॅकने ॲपलट्री बेला उतरता येतं, फक्त जाताना उतार म्हणजे येताना चढ, हे आई-बाबांना आधी सांगा.

दुसरा पर्याय बेसिन. हे पिटवॉटर खाडीच्या काठावरचं कॅम्पग्राऊंड, पाम बीचवरून फेरीने जायचं (सिटीतून बी-लाईन बसने मोना व्हेल, तिथून १९९ नंबरची बस). वॉलबी बघायचीच असेल तर इथे जा, कारण इथल्या वॉलबी माणसांना इतक्या सरावल्यात की तंबूंच्या मधे चरत असतात. थोडं चीटिंग वाटतं, पण मुलांना पहिल्यांदा दाखवायला उत्तम.

तिसरा वेस्ट हेड, माझा आवडता. टेरी हिल्सच्या बाजूने गाडी घालायची, बस नाही. वर पठारावर खुरटी झुडपं, बँक्सिया, ग्रास ट्री आणि खाली दऱ्यांमधे दाट ओलसर झाडी, म्हणून पठारावरचे पक्षी वेगळे नी दरीतले वेगळे. शेवटच्या लुकआऊटवरून समोर बॅरनजोई दीपगृह आणि लायन आयलंड दिसतं, त्या बेटावर छोट्या पेंग्विनांची वस्ती आहे पण तिथे उतरायला बंदी. आकाशात मोठा पांढरा-राखाडी गरुड घिरट्या घालताना दिसला तर नीट बघा, तो पांढऱ्या पोटाचा समुद्र गरुड, आपल्या कोकण किनाऱ्यावर जो घरटं करतो तोच, अगदी तीच जात. याच रस्त्यावरून निघणाऱ्या बेसिन ट्रॅकवर सपाट खडकात आदिवासींनी कोरलेली चित्रं आहेत, मासे, माणसं, वॉलबी. त्यांच्यावर पाय द्यायचा नाही, पाणी ओतून रेषा उठवायच्या नाहीत, आणि फोटो सकाळच्या तिरक्या उन्हात काढा, दुपारी काहीच दिसत नाही.

गाडीला दिवसाची फी साधारण १२ डॉलर, साईटवर खात्री करा. गेट संध्याकाळी बंद होतात, हिवाळ्यात लवकर.

बॅगेत काय

पाणी भरपूर, ट्रॅकवर पिण्याजोगं मिळेलच असं नाही. फुल पँट आणि पायमोजे, शक्यतो पँट पायमोज्यात खोचून, दिसायला गबाळं दिसतं पण कारण खाली सांगतो. डीट किंवा पिकारिडिनवालं रिपेलंट. दोन रुंद इलॅस्टिक बँडेज, केमिस्टकडे सापाच्या दंशासाठीचं म्हणून मिळतं, त्यावर चौकोन छापलेले असतात. ऑफलाईन नकाशा, कारण दरीत नेटवर्क जातं. इमर्जन्सी प्लस ॲप, त्यात तुमचं नेमकं लोकेशन दिसतं जे तीन शून्यवर (०००, इथला इमर्जन्सी नंबर) फोन केल्यावर सांगता येतं. दुर्बीण असेल तर आठ बाय बेचाळीसची पुरे.

बुटांना लागलेली जुनी माती घरीच धुवून निघा. फायटोफ्थोरा नावाचा मुळं कुजवणारा रोग मातीतून पसरतो आणि ग्रास ट्री, बँक्सिया यांना मारतो, ती झाडं गेली की त्यावर जगणारे पक्षी-प्राणीही गेले. कुत्रा घरी, स्पीकर पण घरीच.

पोचल्यावर पहिली वीस मिनिटं गप्प बसा

हे कोणाला पटत नाही, पण सगळ्यात महत्त्वाची स्टेप हीच. ट्रॅकवर पाच-दहा मिनिटं आत जा, एखादा खडक बघा (आधी बघा की कोणी बसलेलं नाहीये), बसा, आणि फक्त ऐका. तुम्ही आलात म्हणून जंगल गप्प झालेलं असतं, ते हळूहळू परत सुरू होतं.

कूकाबुराचं हसणं कोणालाही ओळखता येईल, तो खरं तर आपल्या खंड्याच्याच कुळातला, फक्त माशांऐवजी सरडे, किडे आणि तुमचं सॉसेज यांवर जगणारा. मग एक लांब शिट्टी आणि शेवटी फटकन चाबूक ओढल्यासारखा आवाज येईल, तो व्हिपबर्ड. गंमत म्हणजे तो चाबूक नराचा आणि लगेच मागून जे दोन-तीन छोटे सूर येतात ते मादीचं उत्तर, इतकं चपखल की एकच पक्षी वाटतो. पक्षी मात्र सहसा दिसत नाही, दाट झुडपात असतो.

आता खरी परीक्षा. एकाच जागेवरून व्हिपबर्ड, मग कूकाबुरा, मग रोझेला पोपट, मग काळा काकाकुवा असे आवाज ओळीने यायला लागले, मधे श्वास घ्यायलाही न थांबता, तर समजा तो लायरबर्ड आहे. पंचवीस-तीस पावलं हळू पुढे जा, पालापाचोळा उकरल्याचा आवाज येतो का बघा. दिसायला तपकिरी कोंबडीएवढा, पण नराची शेपटी बघाल तर! खिशात दहा सेंटचं नाणं असेल तर काढून बघा, त्यावर हाच आहे, आणि पाच सेंटवर एकिड्ना. मुलांना ही दोन नाणी हातात देऊन शोधायला लावा, त्यांचा दिवस छान जातो.

खुणा वाचायला शिका

इथूनच खरी मजा, कारण प्राणी दिसो न दिसो, खुणा दिसतातच.

ओलसर उतारावर पालापाचोळा उलटापालटा, माती वर आलेली, कोणीतरी दंताळं फिरवल्यासारखी जागा दिसली की लायरबर्डचं काम. व्हिक्टोरियातल्या अभ्यासात असं निघालं की हे पक्षी एका हेक्टरमधे वर्षाला सरासरी दीडशेहून जास्त टन माती-पाला हलवतात, म्हणजे जंगलाचे नांगरकरीच म्हणा.

पाल्याचा मोठाच्या मोठा ढीग, चार मीटरपर्यंत रुंद, दिसला तर तो ब्रश टर्कीच्या नराने रचलेला उबवणीचा ढीग. पाला कुजून आत ऊब तयार होते, नर चोच खुपसून तापमान बघतो आणि पाला घालून-काढून ते साधारण ३३ डिग्रीच्या आसपास ठेवतो. माद्या येऊन अंडी घालतात नी निघून जातात. पिल्लू बाहेर आलं की त्याच्याकडे आई बघत नाही, बाप बघत नाही, पहिल्या दिवसापासून त्याचं तोच. ढिगावर चढू नका एवढंच, आणि हाच पक्षी उपनगरांत लोकांच्या बागा उकरतो म्हणून शिव्या खातो ते वेगळं.

जमिनीत नरसाळ्यासारखे छोटे खोल खड्डे, एका जागी पाच-सहा, ते बँडिकूटचे (आपली घूस नव्हे, कांगारूसारखा पिशवीवाला छोटा प्राणी). रात्री नाक खुपसून किडे नी बुरशी खातो. कुरिंगाई चेसमधे सदर्न ब्राऊन बँडिकूट अजून टिकून आहे, तो संकटात असलेल्या जातींत मोडतो, म्हणून हे खड्डे दिसले की मला तरी बरं वाटतं. फोडलेलं वारूळ, बाजूला उधळलेली माती असेल तर एकिड्ना. तो प्रत्यक्ष दिसला तर दहा फुटांवर थांबून हलू नका, त्याची नजर फार चांगली नाही, घाबरला की सरळ खाली माती खणून रुततो आणि वर फक्त काटे उरतात. मग लोक काठीने उचकवतात, प्लीज नको. अंडी घालणारा आणि तरी पिल्लाला दूध पाजणारा प्राणी आहे तो, जगात असे फक्त एकिड्ना आणि प्लॅटिपस उरलेत.

शी-ओक नावाची झाडं दिसतील, कोकणातल्या समुद्रकाठच्या सुरूच्या जवळचीच. त्याखाली चावून चोथा केलेली शंकूसारखी फळं पडलेली असतील आणि आतला भाग अजून फिकट, ताजा असेल तर वर बघा, ग्लॉसी ब्लॅक कोकाटू बसलेला असू शकतो. तो जवळजवळ फक्त याच फळांवर जगतो, आणि आवाज न करता खातो, त्यामुळे खाली पडणाऱ्या तुकड्यांचा टपटप आवाज हीच ओळख. दंगा करणारे पांढरे काकाकुवे वेगळे, ते शोधावे लागत नाहीत.

गुळगुळीत गुलाबी-नारिंगी खोडाची झाडं म्हणजे अँगोफोरा, त्यावर नखांचे ओरखडे असतील तर एकतर पॉसम (झाडांवर राहणारा पिशवीवाला प्राणी) नाहीतर गोॲना. गोॲना म्हणजे आपल्या घोरपडीचाच सख्खा भाऊबंद, वाढला तर दोन मीटरपर्यंत. त्याच्या मागे धावू नका, कारण घाबरला की तो सगळ्यात जवळच्या उभ्या वस्तूवर चढतो आणि ती वस्तू तुम्ही असू शकता. स्क्रिब्ली गमच्या पांढऱ्या खोडावर जी वाकडी-तिकडी नागमोडी रेघोट्यांची चित्रं दिसतात ती मुलांनी खरडलेली नाहीत, एका पतंगाच्या अळीने सालीखाली पोखरलेली आहेत.

प्रत्येक प्राणी इथला नसतो

साळुंकी दिसली की आपल्याला उगाच आनंद होतो. पण ती इथे १८६० च्या दशकात माणसांनी आणून सोडलेली, झाडांच्या ढोली बळकावते म्हणून बदनाम आहे, लोक तिला सरळ इंडियन मायना म्हणतात, ऐकून घ्यायचं. तिच्यासारखाच दिसणारा, पिवळ्या चोचीचा राखाडी नॉईझी मायनर मात्र पक्का इथला. शेंडीवाला, लाल गालाचा बुलबुलही सिडनीत आहे, तोही आणलेला. कोल्हा आणलेला, ससा आणलेला. आणि जंगलाच्या कडेला रंगीत फुलांची काटेरी झुडपं दिसतील ती घाणेरी, गावाकडे जी माळ खाऊन बसलीय तीच इथेही बसलीय. आयनॅचरलिस्ट ॲपवर फोटो टाकला की देशी की बाहेरचा ते कळतं, सुरुवातीला हे फार उपयोगी.

घाबरायचं कशाला, कशाला नाही

भारतातून फोन आला की पहिला प्रश्न साप. खरं सांगायचं तर या पार्कमधे मी सगळ्यात जास्त जपतो ते गोचिडीला. पॅरालिसिस टिक म्हणतात, सिडनीच्या नॉर्दर्न बीचेसच्या पट्ट्यात भरपूर, वसंतात जास्त. घरी गेल्यावर कपडे गरम ड्रायरमधे, अंग नीट तपासा, केसांत, कानामागे, काखेत. चिकटलेली दिसली तर नखाने किंवा साध्या चिमट्याने चिरडायची नाही, कारण दाबली की ती आणखी लाळ सोडते. केमिस्टकडे ईथरचा फ्रीझ स्प्रे मिळतो, तो मारून जागच्या जागी मारायची नी आपोआप पडू द्यायची. आधी गोचिडीची ॲलर्जी झालेली असेल तर स्वतः उद्योग न करता डॉक्टर गाठा. आणि मटणप्रेमींसाठी खास बातमी, या गोचिडीच्या चाव्यानंतर काही लोकांना मटण-बीफ-पोर्कची ॲलर्जी सुरू होते, हा संबंध पहिल्यांदा याच भागातल्या डॉक्टर शेरिल व्हॅन नुनेन यांनी २००७ मधे मांडला. पँट पायमोज्यात का खोचायची ते आता कळलं ना.

साप आहेत. रेड-बेलीड ब्लॅक, ईस्टर्न ब्राऊन, पाल्यात निपचित पडून राहणारा डेथ ॲडर, आणि बिनविषारी सुंदर ठिपक्यांचा डायमंड पायथन. नियम एकच, ट्रॅक सोडू नका आणि दिसला की थांबा, मागे सरका, जाऊ द्या. अख्ख्या ऑस्ट्रेलियात सापाच्या दंशाने वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं दगावतात, आपल्या देशात हा आकडा हजारांत असतो. चावलाच तर धुवायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही, दोरी आवळायची नाही. दंशावर बँडेज, मग बोटांपासून वर अख्ख्या हातापायाला घट्ट बँडेज, त्याला काठीचा आधार, आणि माणसाला जागचं हलू द्यायचं नाही, चालवत गाडीपर्यंत नेणं तर अजिबात नाही. तीन शून्यला फोन. ही पद्धत इथल्या सापांसाठी आहे हां, त्यांचं विष लसिकेतून (लिंफमधून) पसरतं. गावी घोणस किंवा फुरसं चावलं तर असं आवळून बांधत बसू नका, तिथे जागेवरची इजा वाढते.

फनेल-वेब कोळी, ज्याच्या नावाने सगळे घाबरवतात, त्याच्यावरचं औषध १९८१ मधे आलं आणि तेव्हापासून त्याच्या चाव्याने एकही मृत्यू नोंदलेला नाही. चावला तर तेच बँडेज, तेच तीन शून्य. कॅम्पवर रात्री बाहेर ठेवलेले बूट झटकून घाला, विषय संपला.

खाऊ घालू नका, म्हणजे नकाच

चिवड्याचे दोन दाणे काय होतंय, असं म्हणून लोक टाकतात. पण बेसिनच्या गोॲना तंबू फाडायला शिकल्यात त्या अशाच दोन दोन दाण्यांनी. लोरिकीटसारखे पक्षी एका जागी खायला जमले की त्यांच्यात चोच-पिसांचा रोग पसरतो. शिवाय नॅशनल पार्कमधे हे बेकायदा आहे.

अंधारानंतर

गेट बंद होत असल्याने रात्रीचं बघायचं तर बेसिनला कॅम्प करा. टॉर्चवर लाल जिलेटीन लावा, झाडाच्या फांद्यांवरून हळू फिरवा, डोळे चमकतात. पांढऱ्या टोकाची बारीक शेपटी म्हणजे रिंगटेल पॉसम, झुबकेदार काळी म्हणजे ब्रशटेल. खोल आवाजात सावकाश दोनदा घुमणारा घुबड म्हणजे पॉवरफुल आऊल, देशातलं सगळ्यात मोठं घुबड, आणि रिंगटेल हेच त्याचं जेवण.

कॅम्प जमत नसेल तर पार्कबाहेर गॉर्डनला जा. तिथे ग्रे-हेडेड फ्लाईंग फॉक्स म्हणजे मोठ्या वटवाघळांची वसाहत आहे, सूर्यास्तानंतर रोझडेल रोडच्या पुलावर उभे राहा, डोक्यावरून थवेच्या थवे जातात.

जखमी प्राणी दिसला तर

वेस्ट हेड आणि मॅकार्स क्रीक रोडवर संध्याकाळी वॉलबी अचानक समोर येतात, वेग कमी ठेवा. धडकलेली किंवा जखमी कोणतीही गोष्ट दिसली तर वायर्स या वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थेला फोन, नंबर १३०० ०९४ ७३७, चोवीस तास. वटवाघळाला हात लावायचा नाही, कितीही दया आली तरी, त्यांच्यात रेबीजच्या कुळातला लिसाव्हायरस असू शकतो. सापाला आणि गोॲनालाही नाही. गाईचं दूध, पाणी, ब्रेड काही पाजू-भरवू नका, अंधार, ऊब आणि शांतता पुरे. वॉलबी मेलेली असेल आणि रस्त्यावर थांबणं सुरक्षित असेल तर पोटाची पिशवी बघा, आत जिवंत पिल्लू असू शकतं. ते आंचळाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, फोनवर सांगतील तसंच करा, आणि नेमकी जागा फोनमधे पिन करून ठेवा, कारण घ्यायला येणाऱ्याला आणि नंतर पिल्लाला त्याच भागात परत सोडायला तीच लागते.